चोक ओढा आणि पाय आवरा : सोलापूरची एक पद्मिनी आणि थंडीतली सकाळ



ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना मारलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' तेवढे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

भागाच्या सुरुवातीला जो आवाज आहे, तो माझ्या फोनवर जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहा वाजता रेकॉर्ड झाला. खर्रर, खर्रर, खर्रर. शांतता. परत खर्रर, खर्रर. मग आईचा आवाज, "चहा गार होतोय." मग समोरच्या घरातला मुलगा, "काय बे, धक्का मारायचा का?"

गाडी आमची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी १९८१ मध्ये नाव नोंदवलं आणि १९८५ मध्ये गाडी हातात आली. आजोबांनंतर ती बाबांनी चालवली. दोन वर्षांपासून बाबांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे ती बहुतेक वेळ अंगणातच उभी असते. मी पुण्यात कोड लिहितो. पासिंगची मुदत संपत आली होती, म्हणून घरात ठरलं, विकून टाकू. त्या दिवशी दहा वाजता मोहोळवरून एक मुलगा गाडी बघायला येणार होता. सुरू झाली तर गाडीचा भाव, नाही झाली तर भंगाराचा. बाबा याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, आणि मला तेच जास्त टोचत होतं.

आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात कसली आलीय थंडी? बरोबर आहे. आपल्याकडे पारा १३-१४ अंशांवर आला की लोक कानटोपी काढतात. तरीही जुनी गाडी त्या सकाळी रुसतेच. ती का रुसते, आणि तिला मनवण्याचं कसब आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत घरोघरी कसं आलं, हा आजचा विषय. गंमत म्हणजे ही गोष्ट सोलापुरातच सुरू होते.

पेटते ती वाफ

आधी थोडं विज्ञान, पटकन. द्रवरूप पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळली तर. वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल. हे मिश्रण करणारं यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर.

नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीच्या व्हेंचुरी नावाच्या शास्त्रज्ञाने हे अठराव्या शतकाच्या शेवटी मांडलं. कार्ब्युरेटरमध्ये त्या अरुंद जागी एक बारीक भोक असतं, त्याला जेट म्हणतात. बाजूच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असतं. इंजिन हवा ओढतं, दाब कमी होतो, पेट्रोल जेटमधून फवाऱ्यासारखं उडतं. डासांवर मारायचा जुना हातपंप आठवा, तेच तत्त्व. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला. हंगेरीतल्या बांकी आणि चोंका या दोघांनीही त्याच वर्षी तसंच यंत्र केलं.

यात एकही सेन्सर नाही. बाहेर किती थंडी आहे, इंजिन गरम आहे का, हे कार्ब्युरेटरला कळत नाही. थंड इंजिनात पेट्रोलचा हलका भागच वाफ होतो. उरलेलं थेंब होऊन मॅनिफोल्डच्या थंड भिंतींना चिकटतं. म्हणजे वाटीतून पेट्रोल बरोबर निघालं तरी सिलिंडरपर्यंत पोचणारी वाफ कमी पडते. यावर उपाय एकच, सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल द्यायचं. इंजिन तापलं की ते जास्तीचं बंद करायचं. डॅशबोर्डखालचं चोकचं बटण यासाठी.

तुमच्या आजच्या गाडीतही हेच काम होतं, पण ते संगणक करतो. तो इंजिनातल्या कूलंटचं तापमान बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. पद्मिनीत हा निर्णय ड्रायव्हरने घ्यायचा असतो, कानाने ऐकून.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याचा कारखाना

वालचंद हे नाव सोलापूरकराला कॉलेजच्या पाटीवर रोज दिसतं. माझे निम्मे मित्र तिथे शिकले, पण या माणसाने काय केलं हे विचारलं तर "काहीतरी उद्योगपती होते ना?" एवढंच उत्तर येतं. मीही त्यातलाच.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा. त्यांना त्यात रस नव्हता. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार घेऊन त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, आणि पहिलं काम होतं आपल्या बार्शी लाईट रेल्वेचं. १९१९ मध्ये त्यांनी काही जणांसोबत सिंधिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज देशात सागरी दिन म्हणून पाळतात. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, म्हणजे आजची एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. समुद्र आणि आकाश झालं. जमिनीवरची मोटार राहिली होती.

मोटारीची कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. सर विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकापासून मुंबईत मोटार कारखाना व्हावा म्हणून मागे लागले होते. वालचंद अमेरिकेत जाऊन आले आणि १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. पण युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार कारखाना नको होता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या, मग इटलीच्या फियाटशी करार.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवलं : ज्यांचा इथेच सुटे भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथली जोडणी बंद केली. उरल्यात मोजक्या कंपन्या, त्यांत कुर्ल्याची प्रीमियर आणि कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स.

१९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० येऊ लागली. १९६४ मध्ये तिचं नवं रूप आलं, 'डिलाइट'. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी एक फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये, त्यातले ५,००० बँकेचं कर्ज. पंतप्रधानालाही मोटारीसाठी कर्ज काढावं लागत होतं, यावरून त्या काळात मोटार ही काय वस्तू होती ते समजा. पुढे फियाटशी करार संपला. गाडी तीच राहिली, नाव बदलत गेलं : आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'.

एकच गाडी, सगळ्यांचं एकच दुखणं

आता मुद्दा बघा. ज्या मॉडेलवरून आपली गाडी आली ते इटलीत १९६२ मध्ये आलं आणि १९६६ मध्ये थांबलं. आपल्याकडे तिचं उत्पादन २००० च्या आसपासपर्यंत चाललं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ४० च्या आसपास हॉर्सपॉवर, एक कार्ब्युरेटर, हाताने ओढायचा चोक. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर, परदेशी तंत्रज्ञान आणायचं तर सरकारची मंजुरी, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. गाडी सुधारायची घाई कुणाला असणार?

याचा तोटा काय झाला ते आपण जाणतोच. पण एक वेगळी गोष्टही झाली. तीन दशकं एकच इंजिन असल्यामुळे त्याची दुखणी सगळ्यांना पाठ झाली. लकी चौकातला मिस्त्री, मुंबईचा टॅक्सीवाला, कोल्हापूरचा डॉक्टर, सगळे एकाच यंत्राशी रोज सकाळी बोलत होते. कुणाच्या गाडीचा आवाज ऐकून तिसऱ्या घरातला माणूस खिडकीतून सांगायचा, "चोक आत घ्या ओ, पेट्रोल जास्त होतंय!" ही माहिती कुठल्या पुस्तकात नव्हती. बापाकडून पोराकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या पोऱ्याकडे जायची.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. तिलाही कार्ब्युरेटरच होता, पण ती सकाळी फारशी कुरकुरायची नाही. मग प्रदूषणाचे नियम आले. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल दिलं की ते पूर्ण जळत नाही आणि धुरातून कार्बन मोनॉक्साईड बाहेर पडतो. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात युरो नियम लवकर लागू करायला लावले. कार्ब्युरेटरला ते प्रमाण सांभाळणं जमणारं नव्हतं. २००० नंतर नव्या मोटारींतून तो गेला, आणि जायलाच हवा होता. मी जुन्याचं गुणगान करायला बसलो नाही. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिच्यासाठी इंजेक्शन चांगलंच.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. बरोबर वीस वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. बातम्यांत लोक रडत होते. माझी गाडी अंगणात उभी होती आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं.

मी काय चुकलो

परत त्या सकाळकडे. आदल्या रात्री मी व्हिडिओ बघून तयारी केली होती. व्हिडिओ अमेरिकेतल्या जुन्या गाडीचा. त्यात तो माणूस सांगतो, आधी ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबा, मग सेल्फ मारा. मी चोक पूर्ण ओढला, पाच-सहा वेळा दाबलं, सेल्फ मारताना परत दाबलं. नाही झाली. परत तेच. सातव्या वेळी पेट्रोलचा उग्र वास आला आणि सेल्फचा आवाज जड झाला. खर्ररची आता घर्र... घर्र... झाली.

मग मी जे केलं ते कुठल्याही ज्युनिअर डेव्हलपरने केलं असतं. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. चोक अर्धा केला, प्लगच्या वायर हलवल्या, एअर फिल्टर काढला. आता सुरू झाली असती तरी कशामुळे झाली ते कळलं नसतं.

बाबा चादर पांघरून ओट्यावर आले. थोडा वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "थांब. वास आला की थांबायचं असतं."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आत बसा, थंडी आहे."

"सेल्फ मारताना तुझा पाय कुठे होता?"

"ॲक्सिलरेटरवर."

"तेच ऐकू येत होतं," म्हणाले.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. चोक दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात कार्ब्युरेटरच्या तोंडावर एक झडप असते, ती हवा अडवते. दुसऱ्या प्रकारात तोंड उघडंच राहतं. बाजूला थंड सुरुवातीसाठी एक वेगळी छोटी वाट असते, आणि बटण ओढलं की ती उघडते. बाहेरून बटण सारखंच दिसतं. आमच्या गाडीवर जो सोलेक्स बसवलेला आहे तो दुसऱ्या प्रकारचा. ही छोटी वाट थ्रॉटलच्या खालच्या बाजूला उघडते आणि तिथल्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालते. पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, तिथली ओढ कमी होते, आणि चोक बाहेर असूनही काम करत नाही. वर प्रत्येक दाबाबरोबर ॲक्सिलरेटर पंप कच्च्या पेट्रोलची पिचकारी मारतो. वाफ कमी आणि ओलं पेट्रोल जास्त. प्लग भिजले, ठिणगी मेली. गाडीने माझं सगळं ऐकलं होतं, मीच तिला चुकीचं सांगत होतो.

अमेरिकेतल्या त्या माणसाचा सल्ला त्याच्या गाडीसाठी बरोबर होता. आमच्या गाडीसाठी बरोबर असलेला सल्ला ओट्यावर बसला होता आणि मी त्याला आत जायला सांगत होतो.

बाबांचा क्रम

पुढचा तास बाबा बोलत होते आणि मी करत होतो. त्यांना स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही. क्रम मात्र पक्का, आणि नियम एक : एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

पहिलं, बॅटरी. सेल्फ जड फिरतोय म्हणजे आधी ती. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, घट्ट केलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावायचं ठरलं, पण शेवटी, पेट्रोलचा वास गेल्यावर.

दुसरं, प्लग. चारही काढले. चारही ओले. ओले म्हणजे पेट्रोल पोचतंय, कोरडे असते तर पंप किंवा वाटी बघावी लागली असती. फडक्याने पुसून उन्हात ठेवले. प्लग काढलेलेच ठेवून, करंटची मधली वायर बाजूला करून, इंजिन थोडं फिरवलं, म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर गेलं.

तिसरं, करंट. डेल्कोचं झाकण उघडलं. पॉइंटवर काळपट थर होता, तो घासून साफ केला आणि गॅप बघितला. तोपर्यंत पेट्रोलचा वास गेला होता, मगच एक प्लग वायरला लावून, त्याचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवून, प्लगच्या भोकांपासून लांब ठेवून ठिणगी बघितली. निळी, कडक. हे घरी करणार असाल तर ती वाट बघणं चुकवू नका.

चौथं, चोक. मी आत बसून बटण ओढलं आणि बाबा बॉनेटमध्ये वाकून बघत होते. "परत ओढ. परत." मग म्हणाले, "अर्धाच फिरतोय." तारेचा स्क्रू सैल होऊन तार घसरली होती. मी बटण पूर्ण ओढत होतो आणि दांडी अर्ध्यावर थांबत होती. म्हणजे माझा पाय नसता तरी अडचण आलीच असती. दोन बग एकदम होते. स्क्रू मी आवळला, कुठे धरायचं ते बाबांनी बोट ठेवून दाखवलं. बोट थरथरत होतं, जागा अचूक होती.

पाचवं, पेट्रोल. याबद्दल वेगळं बोललं पाहिजे. नोव्हेंबरमध्येच मिस्त्रींनी एसी पंपाचा रबरी पडदा बदलला होता. (एसी म्हणजे गार हवा नाही. अल्बर्ट चॅम्पियन या माणसाच्या आद्याक्षरांवरून पेट्रोल पंपाला गॅरेजमध्ये हे नाव पडलं.) आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता लागते, त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटमधून मिश्रण पातळ पडतं, ते हवेतलं पाणी शोषतं, आणि त्या काळच्या रबराला ते सोसत नाही. १९८५ च्या गाडीला थंडीत चोक आधीपेक्षा जास्त लागतो तो यामुळेही.

आणि हे इथेनॉल बरंचसं येतं कुठून? उसातून. आपला जिल्हा साखर कारखान्यांनी भरलेला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, तिथे साखर कारखाना कुणी काढला ते नावातच आहे. एका माणसाने ऊसही लावला आणि मोटारही काढली. आज एकाचा रस दुसरीच्या घशात अडकतोय.

साडेनऊ वाजता

प्लग बसवले. जंपर लावला. बाबा म्हणाले, "चोक पूर्ण. पाय खाली, जमिनीवर. सेल्फ पाच मोजेपर्यंतच."

एक, दोन, तीन. फट्, फट्, आणि लागली. पूर्ण अंगाने थरथरत, जास्त वेगात. माझा पाय सवयीने वर उचलला गेला. "पाय!" बाबा ओरडले. मग आवाज ऐकत हळूहळू, "आता थोडा आत. थांब. अजून थोडा. आता पूर्ण." कुठे थांबायचं ते त्यांना घड्याळाने कळत नव्हतं. आवाज जडावला की चोक आत, आवाज अडखळला की पुन्हा केसभर बाहेर. दोन-तीन मिनिटांत ती शांत चालायला लागली. बाबांनी तळहात बॉनेटवर ठेवला. इंजिनच्या थरथरीत त्यांच्या हाताचा कंप दिसेनासा झाला.

दहा वाजता तो मुलगा आला. वय माझ्यापेक्षा कमी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, सकाळी थंड असताना कशी सुरू करायची हिला?"

बाबांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. भाव मी सांगितला होता त्यापेक्षा कमीच केला. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "चालवणारा पाहिजे. तू चालवणार होतास का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग बाबांनी त्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं, शेजारी स्वतः बसले, गाडी बंद करून तीनदा सगळं करून दाखवलं. मी मागच्या सीटवर बसून फोनवर रेकॉर्ड केलं आणि सगळा क्रम एका वहीच्या पानावर लिहून आरसीच्या पाकिटात ठेवला. आयुष्यात लिहिलेलं माझं सगळ्यात कामाचं डॉक्युमेंटेशन तेच असेल. त्यात पहिली ओळ आहे : सेल्फ मारताना पाय जमिनीवर.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, स्कूटर असेल, नाहीतर आजीची शिवणाची मशीन, तर ती चालवणाऱ्या माणसाला या आठवड्यात एकदा शेजारी बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. गाडीचं असेल तर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. बाकी त्यांना बोलू द्या, मध्ये बोलू नका.

परवा मोहोळहून मेसेज आला. एकच ओळ : "लागली, पहिल्या सेल्फला." बाबांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "चोक किती ओढला होता?"

भेटू पुढच्या भागात.